‘चोरीस’ शब्दाची व्युत्पत्ती

मीठ, सिरका, लसूण व तांबडी मिरची लावून, आतड्यात भरून वाळविलेल्या डुकराच्या मांसास गोमंतकात ‘चोरीस’ म्हणतात. नादसाम्यावरून हा शब्द ‘चोर’शी जोडण्याचा मोह टाळला पाहिजे, ‘विंदालू’त बटाटा शोधणाऱ्यांची गत सर्वांस ठाऊक आहे. (तेथे पोर्तुगीज ‘आल्यु’, म्हणजे लसूण, दडलेला आहे.) ‘चोरीस’ हा पोर्तुगीज ‘शोरीसु’ होय. अंत्य अनाघात ‘उ’ कोकणीत लोपतो. ‘तेंपु’चे ‘तेंप’, ‘कोपु’चे ‘कोप’ होते. आद्य ‘च’ अधिक विचारणीय आहे. आजच्या लिस्बनच्या उच्चारात तेथे ‘श’ असला, तरी सोळाव्या शतकात ‘च’च होता, ‘चावी’तही तोच टिकला आहे. सबब हे ऋण जुने मानावयास हरकत नाही. त्यामागे काही पंडित लॅटिन ‘साल्सुस’, म्हणजे खारविलेले, येथपर्यंत जातात. परंतु मधले वर्णविकार अद्याप निर्विवाद ठरलेले नाहीत. सारसोळ्याच्या कोळ्यांची ‘सुकट’ येथे दाखला म्हणून आणणे मात्र गैर होईल. ती संस्कृत ‘शुष्क’च्या कुळातील असून तिचे नाव वाळविण्यावरून पडले आहे, खारविण्यावरून नव्हे.