मागल्या रांगेतले व्हायोलिन

आमच्या डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात ‘ऑर्केस्ट्रा’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. गणपतीत नाहीतर हळदीला मांडवात येतो तो ऑर्केस्ट्रा : दोन कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड, किशोरकुमारच्या आवाजात गाणारा एक आणि लताबाईंच्या आवाजात गाणारी एक. हाच शब्द नरिमन पॉइंटला पोचला की काळ्या कोटातले साठ-सत्तर वादक डोळ्यांपुढे येतात. आपल्या समीक्षेने ही दोन जगे कायमची वेगळी मानली : एक करमणुकीचे, दुसरे पारशी-इंग्रजी हौसेचे. प्रस्तुत निबंधात मला दाखवायचे आहे ते हे, की या दोन जगांचे घर एकच आहे. त्यांना जोडणारा माणूस वृंदाच्या मागल्या रांगेत व्हायोलिन घेऊन बसला होता. आपण मात्र पाहुण्या वृंदसंचालकाबद्दल आणि पाहुण्या एकल वादकाबद्दल लिहीत राहिलो.

मी संगीत रीतसर शिकलेलो नाही. पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकलो तो मुंबईच्या फुटपाथवर मिळालेल्या जुन्या छापील प्रतींवरून. उधव्याहून डहाणू रोड, तिथून लोकलने चर्चगेट असा प्रवास करून एनसीपीएच्या जमशेद भाभा थिएटरात ज्या मैफली ऐकल्या, त्यांतून पुढचे विवेचन आले आहे.

घरचे कोण, पाहुणे कोण?

रोमँटिक काळातल्या संगीताच्या मैफलीचा साचा ठरलेला असतो. आरंभी ओव्हर्चर, म्हणजे आपल्या नाटकातली नांदीच, मग एकल वादकासह कंचेर्टो, मध्यंतर, शेवटी सिंफनी. वृंद घरचा, संचालक व व्हायोलिनवादक बाहेरून आलेले. जाहिरातीत मोठी अक्षरे या दोघांच्या वाट्याला, आणि दुसऱ्या दिवशीच्या परीक्षणातही तेच.

या साच्यातली सर्वांत लाडकी रचना म्हणजे मेंडेल्सझोनचा ई मायनर व्हायोलिन कंचेर्टो. तिचा पहिला प्रयोग १३ मार्च १८४५ रोजी लाइपझिगच्या गेवांडहाउसमध्ये झाला. एकल वादक होता फर्डिनांड डेव्हिड. हा काही पाहुणा नव्हता. त्याच वृंदातल्या व्हायोलिनवादकांचा तो प्रमुख. मेंडेल्सझोन ही रचना १८३८पासून मनात घोळवीत होता आणि वादनाच्या अडचणींबद्दल डेव्हिडचा सल्ला घेत होता. प्रयोगाच्या वेळी मेंडेल्सझोन आजारी असल्याने संचालन केले नील्स गाडे या डॅनिश संगीतकाराने. आज पाहुण्या वादकाचे हक्काचे आभूषण झालेली ही रचना वृंदातल्याच माणसाला समोर ठेवून घडली.

ती ऐकतानाही हे जाणवते. कंचेर्टोत एके ठिकाणी वृंद थांबतो आणि एकल वादक एकटाच वाजवतो, त्याला कॅडेन्झा म्हणतात. रीतीप्रमाणे ही जागा पहिल्या भागाच्या अखेरीस असते आणि वादक तिथे आपले कसब दाखवून टाळ्या घेतो. मेंडेल्सझोनने ती सबंध लिहून दिली आणि अखेरीची जागा सोडून भागाच्या मध्यावर आणली. कॅडेन्झा संपत आली की एकल वादकाचा गज चारही तारांवरून उड्या घेऊ लागतो, आणि त्या लाटांखालून बासरी, ओबो व वृंदातली व्हायोलिन मूळ धून हलकेच उचलतात. तानांच्या गर्दीतून साथीदाराने मुखडा उचलावा आणि गवयाने त्याच्या मागे जावे, तसे. त्या क्षणी एकल वादक साथीदार होतो आणि मागल्या रांगा गाऊ लागतात.

हा क्षण साधणे अवघड असते. त्या वेळी वाजवायचे फार थोडे असते, पण हळू, आणि दहा-बारा गज एका श्वासात उठले पाहिजेत. एकही गज आधी पडला तर सगळा डाव विसकटतो. पाहुणा संचालक दोन-चार तालमींत हाताच्या खुणा शिकवू शकतो, पण हा एकश्वास शिकवू शकत नाही. तो वर्षानुवर्षे शेजारी बसून वाजवण्यातून येतो. आमच्याकडच्या तारपा नाचात तारपकरी सूर बदलतो आणि सगळी रांग पाऊल बदलते, तेही असेच मुरलेले असते. फरक एवढाच, की तारपकऱ्याच्या हाती सूर असतो. वृंदसंचालकाच्या हाती काठी असते आणि तिला आवाज नसतो. म्हणून मैफलीची खरी परीक्षा मागल्या रांगेत होते. मुंबईत ही रांग कुठून आली?

मुंबईची रांग

मेहली मेहतांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यात पारशी होते, लष्करी बँडमधले वादक होते, युरोपातून परागंदा झालेले ज्यू होते. आणि गोवेकर होते. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलाला अक्षरओळखीबरोबर स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. ही मुले मोठी होऊन मुंबईला येत, धोबीतलावच्या कुडांत पथारी टाकीत, हॉटेलांत, मूकपटांच्या थिएटरांत, बँडमध्ये वाजवीत. प्रार्थनेसाठी मिळालेली विद्या त्यांनी पोटासाठी वापरली.

या वर्तुळाचा एक आवाज उधव्यासारख्या गावापर्यंतही पोचला होता. आकाशवाणीची ती पहाटेची संकेतधून वॉल्टर कॉफमन या १९३४ साली मुंबईत आलेल्या ज्यू संगीतकाराची मानली जाते, आणि तिच्यातले व्हायोलिन मेहली मेहतांचे असे सांगतात. म्हणजे ज्यांनी सिंफनी हा शब्द ऐकला नव्हता, त्यांच्याही चुलीजवळ हे व्हायोलिन रोज पहाटे वाजत होते.

पण सिंफनीवर पोट भरेना. मेहली मेहता १९५५मध्ये मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात गेले. त्यांचे चिरंजीव झुबिन आदल्याच वर्षी व्हिएन्नाला शिकायला गेले होते. गोवेकर वादक गेले दादर, महालक्ष्मी, ताडदेवच्या स्टुडिओंत. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागे व्हायोलिनांची जी दाट भिंत उभी राहते, तिच्या मांडणीत सेबास्टियन डिसूझा यांचा हात होता. मुखड्यानंतर व्हायोलिन एकदम वर चढतात, चेलो खालून वेगळीच ओळ धरतात; ही सारी रोमँटिक वृंदाची भाषा. आपण ती ‘म्युझिक पीस’ म्हणून गुणगुणत आलो. आपला कान या संगीताला परका नाही. फक्त कानाला त्याचे नाव कोणी सांगितले नाही.

एका माणसाने ते सांगायचा प्रयत्न केला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) हे स्टुडिओतले नामवंत व्हायोलिनवादक. प्यारेलाल त्यांचे शिष्य. त्यांनी १९५८मध्ये इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला, रागांवर आधारित वृंदरचना लिहिल्या आणि सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात त्या सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात एकल गायक होते. हा प्रयोग टिकला नाही. गोन्साल्विस साठच्या दशकात अमेरिकेला गेले. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) या चित्रपटातल्या गाण्यात शिष्याने गुरूचे नाव घातले. सगळ्या देशाने ते नाव नाचत म्हटले. नावामागे खरा माणूस आहे, हे किती जणांना ठाऊक होते?

आजचा वृंद आणि आपली समीक्षा

एनसीपीएने २००६ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केला. खुश्रू सनटूक आणि कझाक व्हायोलिनवादक मराट बिसेंगालियेव हे त्याचे शिल्पकार. व्यावसायिक दर्जाचा असा दुसरा वृंद देशात नाही. परदेशांत त्याचे दौरे झाले. २०२३च्या ऑगस्टमध्ये झुबिन मेहतांनी त्याचे संचालन केले. मेहलींनी सोडलेल्या शहरात त्यांचा मुलगा तिथल्याच वृंदापुढे उभा राहिला, ही मोठीच गोष्ट. मी ऐकलेल्या मैफलींत या वृंदाचा नाद भरीव आणि शिस्तीचा होता. पण हंगामापुरता या वृंदाचा मोठा भाग कझाकस्तानातून व युरोपातून येतो. संचालक पाहुणा, एकल वादक पाहुणा, आणि मागल्या रांगाही बऱ्याचशा पाहुण्या. लाइपझिगमध्ये एकल वादकही घरचा होता!

दोष कोणा एकाचा नाही. स्टुडिओत सिंथेसायझर आला, ऐंशी-नव्वदच्या दशकांत व्हायोलिनांच्या रांगा विरळ झाल्या, आणि वादकांनी मुलांच्या हाती गज देणे थांबवले. साखळी तिथे तुटली. एनसीपीएची संगीतशाळा मुलांना लहानपणापासून घडवते आहे. पण अशी रांग एका पिढीत उभी राहत नाही.

समीक्षेला मात्र आपला वाटा उचलावा लागेल. वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’त (१९६१) घराणी मोजायला स्वर आणि लय ही दोन मापे दिली. वृंदवादनाला तिसरे माप हवे : सहनादाचे. किती वाद्ये एकत्र वाजतात, कोण कोणाला वाट देते, कोण कोणाखाली गातो, हे त्या मापाने मोजता येईल. हे माप हाती असते तर आपल्याला मेंडेल्सझोनची मागली रांग ऐकू आली असती, आणि शंकर-जयकिशनचीही. शिवाय काही जुने वादक अजून हयात आहेत. ग्रेगरी बूथ या परदेशी अभ्यासकाने स्टुडिओतल्या अशा वादकांच्या मुलाखती घेऊन २००८मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिले. तसे काम मराठीत व्हायचे आहे, आणि त्याला आता फार वर्षे उरलेली नाहीत.

पुढच्या हंगामात मोठ्या नावाचा पाहुणा येईल. त्याचे स्वागत करावे, टाळ्या द्याव्यात. कॅडेन्झा संपत आली, की मात्र नजर त्याच्या गजावरून काढून मागे न्यावी. तिथे मूळ धून हलकेच उठत असेल. ती कोणी उचलली, त्याचे नाव काय, तो कुठून आला आणि मैफलीनंतर कुठल्या गाडीने घरी जातो, हे लिहिणे आता समीक्षेचे काम आहे.