नावे ठेवताना

संगणकाला नावाशी काही देणेघेणे नसते. आज्ञावलीतल्या एखाद्या फंक्शनला ‘सरासरी’ म्हणा किंवा ‘झुरळ’ म्हणा; सगळीकडे तेच नाव वापरले म्हणजे यंत्र मुकाट्याने तेच काम करते. नाव लागते ते आज्ञावली वाचणाऱ्या माणसाला. फंक्शन म्हणजे एका ठरावीक कामाच्या सूचनांची बांधून ठेवलेली मोट. तिला काही माहिती द्यायची आणि तिच्याकडून उत्तर घ्यायचे. मोठ्या आज्ञावलीत अशी हजारो फंक्शने असू शकतात. नावावरून काम कळले, तर आत डोकावण्याची गरज पडत नाही. न कळले, तर प्रत्येक मोट सोडून पाहावी लागते.

संगणकशास्त्रात खरोखर अवघड गोष्टी दोनच आणि त्यांतली एक म्हणजे नावे ठेवणे, अशा अर्थाचे एक वचन फिल कार्लटन या संगणकतज्ज्ञाच्या नावावर सांगितले जाते. मराठीत ‘नावे ठेवणे’ याला आणखी एक अर्थ आहे, आणि या लेखात आपल्याला तेही करायचे आहे. कारण आज्ञावली लिहिणाऱ्यांना नावांमधून कोट्या करण्याची जुनी खोड आहे. त्यांतल्या काही कोट्या चांगल्या असतात, काही वाचणाऱ्याला छळतात. हा फरक कशावरून ओळखायचा?

कोटी कळली, काम कळले

‘सी’ या संगणकभाषेत अक्षरमालिकांवर काम करणाऱ्या फंक्शनांची नावे ‘स्ट्र’ने सुरू होतात. ‘स्ट्रलेन’ मालिकेची लांबी मोजते, ‘स्ट्रकॅट’ दोन मालिका जोडते. १९८९ च्या मानकाप्रमाणे अशा नावांतली पहिली सहाच अक्षरे वेगळी ओळखली जाण्याची हमी होती, म्हणून ही नावे इतकी आखूड. ग्नू प्रकल्पाच्या ‘सी’ ग्रंथालयात याच कुळातले ‘स्ट्रफ्राय’ नावाचे एक फंक्शन आहे. मोठ्याने म्हणताच ‘स्टर-फ्राय’, म्हणजे मोठ्या आचेवर भाज्या ढवळत परतणे, हे शब्द आठवतात. फंक्शनचे कामही तेच: दिलेल्या शब्दातली अक्षरे ढवळून त्यांचा क्रम वाटेल तसा बदलून टाकायचा. कोटी कळली की काम कळते. ज्याला ती कळली नाही, त्यालाही ‘स्ट्र’वरून एवढे तरी समजते की हे अक्षरमालिकेचे प्रकरण आहे.

दुसरे उदाहरण चलांच्या नावांचे आहे. १९५७ साली आलेल्या फोर्ट्रान भाषेत रोमन ‘आय’पासून ‘एन’पर्यंतच्या अक्षरांनी सुरू होणारे चल आपोआप पूर्णांक मानले जात आणि बाकीचे सगळे ‘रिअल’, म्हणजे वास्तव संख्या. गणितात आय, जे, के, एन ही अक्षरे पूर्णांकांसाठी वापरण्याचा प्रघात होताच. त्यावरून विनोद निघाला: ‘गॉड’ हे नाव ‘जी’ने सुरू होते, तेव्हा पूर्णांक म्हणून जाहीर करीपर्यंत देव ‘रिअल’ आहे! आपल्याकडेही ही संज्ञा ‘वास्तव संख्या’ अशीच असल्यामुळे हा विनोद मराठीत न सांडता उतरतो. ‘देव’ रोमन लिपीत ‘डी’ने सुरू होतो, म्हणून तोही वास्तव. ‘ईश्वर’ मात्र ‘आय’ने सुरू होतो, म्हणून पूर्णांक! वर्गात हे एकदा सांगितले की नियम पुन्हा पाठ करून घ्यावा लागत नाही.

या नियमाची दुसरी बाजूही सांगायला हवी. नाव लिहिताना एका अक्षराची चूक झाली, तर यंत्र तक्रार न करता त्या चुकलेल्या नावाचा एक नवाच चल तयार करी आणि उत्तर बिघडे. म्हणून पुढे फोर्ट्रान-९० च्या मानकात हा आपोआप ठरणारा प्रकार बंद करण्याची आज्ञा दिली गेली.

कोटी कळली, काम नाही कळले

त्याच ‘सी’ ग्रंथालयात ‘मेमफ्रॉब’ नावाचे फंक्शन आहे. ‘मेम’ म्हणजे स्मृती आणि ‘फ्रॉब’ हा संगणकवाल्यांच्या बोलीतला शब्द, साधारण ‘चाळा करणे’ अशा अर्थाचा. हे फंक्शन स्मृतीतल्या प्रत्येक बाइटवर ४२ या संख्येची एक द्विमान क्रिया करते. तीच क्रिया पुन्हा केली की मूळ मजकूर परत मिळतो. ४२ च का? कारण डग्लस ॲडम्सच्या १९७९ च्या विनोदी विज्ञान-कादंबरीत विश्वाच्या अंतिम प्रश्नाचे उत्तर ४२ असे आहे. ज्याने कादंबरी वाचली तो हसतो. पण हसूनही फंक्शन काय करते हे त्याला नावावरून कळत नाहीच.

युनिक्स प्रणालीत मजकूर पानापानाने दाखवणारी ‘मोअर’ नावाची आज्ञा होती. तिच्यापेक्षा जास्त सोयी असलेली आज्ञा १९८० च्या दशकात आली आणि तिचे नाव ठेवले ‘लेस’. थोडक्यात गोडी असते, अशा अर्थाच्या इंग्रजी म्हणीवरची ही कोटी. आता ‘कमी’ नावाची आज्ञा फाइल वाचायला देईल, असा तर्क कोणता विद्यार्थी करील? म्हण ठाऊक नसलेल्या मुलासाठी तो निव्वळ पाठांतराचा शब्द होतो.

यावर कोणी म्हणेल, एवढ्या गमतीने काय बिघडते? बिघडते ते असे की नाव लिहिणाऱ्याच्या टेबलावर राहत नाही, प्रवास करते. शेजारच्या शास्त्रातला दाखला पाहा. फळमाशीतल्या एका जनुकाला, बिघाड झालेली अळी काटेरी दिसते म्हणून ‘हेजहॉग’ हे साळिंदरासारख्या काटेरी प्राण्याचे नाव दिले गेले. १९९३ साली पृष्ठवंशी प्राण्यांतल्या त्याच्या एका भावंडाचे नाव व्हिडिओ खेळातल्या पात्रावरून ‘सॉनिक हेजहॉग’ ठेवले. प्रयोगशाळेत सगळे हसले असतील. परंतु माणसात या जनुकातल्या बिघाडामुळे गर्भाच्या मेंदूचा पुढचा भाग नीट दुभंगत नाही, आणि ही गोष्ट आईबापांना सांगताना डॉक्टरला तेच नाव उच्चारावे लागते. विनोद जिथे पोहोचणार आहे तिथल्या माणसाचा विचार नाव ठेवतानाच करायला हवा. कारण हजारो ठिकाणी वापरात गेलेले नाव सहसा बदलता येत नाही.

आपल्या शेजारचे भास्कराचार्य

नावांतून कोटी करणे ही काही परक्यांची मिरासदारी नाही. नाशिकच्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चंगदेवाने, मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धांतशिरोमणि’ रचला. त्यांच्या ‘बीजगणिता’चा पहिलाच श्लोक श्लेषाचा आहे. ‘सांख्य’ म्हणजे त्या दर्शनाचे तत्त्वज्ञ आणि संख्या जाणणारे गणिती. ‘अव्यक्त’ म्हणजे विश्वाचे अप्रकट मूळ आणि समीकरणातली अज्ञात राशी. ‘बीज’ म्हणजे उगमाचे बी आणि बीजगणित. दोन्ही अर्थ एकाच दिशेने जातात: जे दिसत नाही, त्यातून दिसणारे सगळे निघते. अज्ञात राशी म्हणजे काय हे याहून नेटके कसे सांगणार? माझ्या मते शास्त्रातल्या उत्तम कोटीचा हा नमुना आहे.

त्रैराशिकातली नावेही अशीच बोलकी आहेत. ३ किलो द्राक्षांना १८० रुपये, तर ५ किलोंना किती? इथे ३ हे ‘प्रमाण’, १८० हे ‘फल’, आणि ज्याविषयी विचारायचे ते ५ म्हणजे ‘इच्छा’. फलाला इच्छेने गुणून प्रमाणाने भागले की ‘इच्छाफल’ मिळते: ३०० रुपये. फंक्शनला काय द्यायचे आणि त्यातून काय निघणार, हे नावेच सांगतात. गणितातल्या फंक्शनला आपण ‘फल’ किंवा ‘फलन’ म्हणतो तेही शोभून दिसते. शिवाय मराठीत खायचे ते ‘फळ’ आणि गणितातले ते ‘फल’, त्यामुळे कोटी ऐकू येते पण घोटाळा होत नाही.

मात्र आपल्याच एका नावाचे पुढे काय झाले तेही पाहावे. धनुष्याच्या दोरीसारखी दिसते म्हणून वर्तुळाच्या जीवेला ‘ज्या’ किंवा ‘जीवा’ म्हणत. भारतीय ज्योतिष्यांनी अर्ध्या जीवेची कोष्टके केली, आणि आजचे साइन ते हेच. अरबीत हा शब्द ‘जीबा’ असा गेला. स्वर न लिहिण्याच्या पद्धतीमुळे पुढे तो ‘जैब’ असा वाचला गेला. ‘जैब’ म्हणजे वस्त्राचा घोळ, खोलगट भाग. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी त्याचा अर्थ घेऊन ‘सायनस’ केले, आणि त्याचे तीन अक्षरी रूप आज बहुतेक संगणकभाषांत फंक्शनचे नाव आहे. इंग्रजीत ती तीन अक्षरे ‘पाप’ या शब्दाची, म्हणून तिकडची मुले त्यावर हसतात. कोसाइनचे जुने नाव ‘कोटिज्या’ असल्याने हसण्याची संधी आपल्यालाही आहे! दोरीचे चित्र मात्र वाटेत हरवले. शिक्षकाने फळ्यावर धनुष्य काढले की ते परत मिळते.

वर्गात काय करावे

मराठी मुले आज्ञावली लिहितात तेव्हा पुष्कळदा मराठी शब्द रोमन लिपीत लिहितात. मग ‘बळ’, ‘बाळ’ आणि ‘बाल’ एकसारखेच दिसतात. ‘वेळ’ आणि ‘वेल’ही. ही नको असलेली कोटी झाली. त्यापेक्षा देवनागरीच वापरावी. पायथन भाषेच्या २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून फंक्शनांना आणि चलांना देवनागरी नावे देता येतात. एक अडचण लक्षात ठेवावी. ‘फेऱ्या’सारख्या शब्दातला ‘ऱ्य’ टंकित करण्याच्या एका पद्धतीत मध्ये न दिसणारे जोडचिन्ह पडते. पायथन ते नाकारते, आणि डोळ्यांना तर चूक दिसत नाही. तिथे नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरावा.

मुलांना कोट्याही करू द्याव्यात, पण पारखून. नाशिकच्या मुलाने क्रम विस्कटणाऱ्या फंक्शनला ‘मिसळ’ असे नाव दिले, तर मी त्याला पुरे गुण देईन. तो एक खाण्याचा पदार्थ आहे आणि ‘मिसळणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूपही आहे; दोन्ही अर्थ कामाकडेच नेतात, आणि पदार्थ ठाऊक नसलेल्या मराठी वाचकाचेही काही अडत नाही. त्याच उत्साहात दुसऱ्या फंक्शनला ‘पाव’ म्हटले, तर मात्र गुण कापावे लागतील. चौथा हिस्सा, खायचा पाव, की देवाला घातलेले साकडे? तिन्ही अर्थ तीन दिशांना ओढतात. हिशेबासाठी ‘चौथा_हिस्सा’ हेच नाव बरे, त्यात गंमत नसली तरी.

परीक्षा सोपी आहे. मुलांनी आपापल्या आज्ञावल्यांतली फक्त नावे कागदावर लिहावीत आणि कागद शेजारच्या बाकावर द्यावा. शेजाऱ्याने प्रत्येक नावापुढे कामाचा अंदाज एका वाक्यात लिहायचा. जिथे अंदाज चुकला ते नाव बदलायचे, मग त्यावर सगळा वर्ग हसलेला असला तरीही. इंग्रजी कोट्या कानावरून जाणाऱ्या मुलाला या खेळात प्रथमच कळते की नावे वरून येत नाहीत, कोणीतरी ठेवलेली असतात. मग ‘लेस’ का, ‘साइन’ का, असे तो विचारू लागेल. त्या प्रश्नासाठी तासातली दहा मिनिटे जरूर द्यावीत.