हमीद दलवाई : अर्धेच वाचले गेलेले लेखक

ज्या लेखकाचे नाव सर्वांच्या तोंडी असते, त्याचे ग्रंथ सर्वांच्या हाती असतातच असे नाही. हमीद दलवाई यांच्या वाट्यास हेच विपरीत भाग्य आले आहे. धर्म आणि राजकारण यांच्या संबंधाविषयी वाद निघाला की त्यांचे नाव हटकून घेतले जाते. एक पक्ष ते ढालीसारखे पुढे करतो, तर दुसरा ते ऐकताच मान फिरवतो. परंतु ‘इंधन’ ही त्यांची कादंबरी वाचलेला मनुष्य उभय पक्षांत विरळाच भेटतो. दलवाईंचे ललित लेखन आणि वैचारिक लेखन ही शेजारी ठेवून वाचल्यावाचून त्यांच्या चळवळीचा अर्थ पुरता लागत नाही, असे आमचे मत आहे, आणि त्याची कारणे येथे मांडावयाची आहेत.

दलवाईंचा जन्म १९३२ साली रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूणजवळच्या मिरजोळी या गावी झाला. ‘लाट’ हा त्यांचा कथासंग्रह १९६१ मध्ये आणि ‘इंधन’ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी, १८ एप्रिल १९६६ रोजी, त्यांच्या पुढाकाराने अवघ्या सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईच्या विधानभवनावर मोर्चा नेला. पतीने एकतर्फी, तोंडी तलाक देण्याची प्रथा बंद व्हावी, बहुपत्नीत्व नाहीसे व्हावे आणि सर्व नागरिकांस समान कायदा लागू व्हावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले; त्याच्या नावातच महात्मा फुल्यांच्या १८७३ मधील सत्यशोधक समाजाचे ऋण मान्य केलेले आहे. ३ मे १९७७ रोजी, वयाची ४५ वर्षेही पुरी होण्याआधी, दलवाईंचे निधन झाले. कादंबरीनंतर त्यांना लाभलेली बारा वर्षे मुख्यतः चळवळीतच गेली.

यावरून एक समज रूढ झाला आहे, तो असा की, ललित लेखक दलवाई मागे पडले आणि प्रचारक दलवाई पुढे आले. हा समज आम्हांस मान्य नाही. ‘इंधन’मध्ये दीर्घ काळानंतर कोकणातील आपल्या गावी परतलेला, धर्मश्रद्धा उरलेली नसलेला निवेदक आहे. गाव त्याचे आहे, परंतु गावातील कोणत्याच जमातीचा तो पुरता राहिलेला नाही. त्याच्या डोळ्यांदेखत हिंदू-मुसलमानांचे वैर पेटत जाते. आणि हे वैर पोथीतील एखाद्या वचनावरून पेटत नाही. घराण्याची अब्रू, शरीराची भूक, मनात धरून ठेवलेले अपमान, हे तेथले सरपण आहे. धर्माचे नाव त्यावर मागाहून पडणाऱ्या ठिणगीसारखे येते. कादंबरीच्या शीर्षकाचा अर्थ आम्ही असा लावतो. विशेष हे की, लेखक स्वतःच्या जमातीची वकिली करीत नाही आणि तिला आरोपीच्या पिंजऱ्यातही उभे करीत नाही. माणसे जशी असतात तशीच तो दाखवितो.

आता वैचारिक लेखनाकडे वळू. ‘मुस्लिम जातीयतेचे स्वरूप : कारणे व उपाय’ या १९६८ च्या पुस्तकातील भाषा अनलंकृत, थेट आणि उतावीळ आहे. या गद्याचे मोठे बळ असे की, त्यात हक्काचा धनी ‘समाज’ नसून एकेक ‘नागरिक’ आहे. धर्ममंडळाने जमातीच्या नावाने बोलावे, राज्यकर्त्यांनी मतांच्या हिशेबाने ते ऐकावे, आणि ज्या स्त्रीच्या संसाराचा प्रश्न आहे तिला कोणी विचारूच नये, या त्रिकुटावर दलवाई घाव घालतात. परंतु याच गद्यात एक उणीवही आहे. ‘मुसलमान’ हा शब्द तेथे पुष्कळदा एकाच मनाच्या, एकाच हेतूच्या समूहासाठी योजलेला दिसतो. कादंबरीकार दलवाईंनी असे कधी केले नसते. मिरजोळीच्या मातीत त्यांनी पाहिलेली माणसे इतकी एकसारखी नव्हती. म्हणूनच त्यांच्या निबंधांचा उतारा त्यांच्याच कादंबरीत आहे, असे आम्ही म्हणतो. ‘इंधन’ वाचलेला वाचक निबंधांतील विधाने द्वेषाच्या कामी लावण्यास सहसा धजणार नाही.

निबंधांचेही आपल्याकडे अर्धेच वाचन झाले. मुस्लिम नेतृत्वावरील टीकेपाशी पुष्कळ हिंदू वाचक समाधानाने थांबतात. त्याच लेखनात दलवाई हिंदू पुनरुज्जीवनवादाविषयी तितकाच स्पष्ट इशारा देतात. हिंदू समाजाचे आधुनिकीकरण खुंटले, तर मुसलमानांच्या आधुनिकीकरणाची आशाच उरत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हे पान उलटून पुढे जाणारा वाचक त्यांचा चाहता असू शकेल, परंतु अनुयायी खचितच नव्हे.

हा प्रश्न आपल्या परिसराबाहेरचा नाही. इंदूरच्या शाहबानो यांना पोटगीसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडावे लागले. उच्च न्यायालयाने ठरविलेली रक्कम होती दरमहा १७९ रुपये २० पैसे! सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या पीठाने २३ एप्रिल १९८५ रोजी त्यांच्या बाजूने निर्णय दिला. आणि धर्मनेत्यांच्या दडपणापुढे नमून संसदेने १९८६ मध्ये वेगळा कायदा केला. सात स्त्रियांनी मागितलेली पहिली गोष्ट, एका दमात दिलेला तिहेरी तलाक अवैध ठरणे, २२ ऑगस्ट २०१७ च्या निकालाने साध्य झाली. मोर्चानंतर ५१ वर्षांनी! २०१९ च्या कायद्याने तर असा तलाक देणाऱ्यास तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद केली. बहुपत्नीत्वाचा प्रश्न मात्र देशव्यापी कायद्याने अद्याप सुटलेला नाही.

समान कायद्याची मागणी करताना नजर कोठे असावी, हे गोमंतकीय वाचकांस वेगळे सांगावयास नको. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता तेथे १९६१ च्या मुक्तीनंतरही राहिली, आणि पतिपत्नींच्या मालमत्तेतील वाट्याबाबत तिने स्त्रीस पुष्कळ दिले. परंतु हिंदू रूढींविषयीच्या १८८० च्या हुकुमाने, पत्नीस ठरावीक वयापर्यंत अपत्य वा पुत्र झाला नाही तर पतीस दुसऱ्या विवाहाची मुभाही ठेवली होती. कायदा एक झाला म्हणजे तो न्याय्य झालाच असे नव्हे. दलवाईंच्या मागणीचा गाभा स्त्रीचा समान अधिकार हा होता. एकरूपता हे त्यासाठी सुचविलेले साधन होते. साधनालाच साध्य मानून कोणी एका जमातीस धडा शिकवू पाहील, तर त्यास दलवाईंचे नाव घेण्याचा अधिकार नाही.

आम्हां शिक्षकांपुढे हा प्रश्न वर्गात उभा राहतो. दलवाईंचे दोन परिच्छेद वेचून शिकविणे सोपे आहे. परंतु त्यातून विद्यार्थ्यास एक तर शत्रू सापडतो, नाही तर अपमान जाणवतो. शाळेच्या ग्रंथसंग्रहात ‘इंधन’ आणि निबंध एकत्र ठेवावेत, वरच्या वर्गातील मुलांना आधी कादंबरी द्यावी, आणि शेजारी मेहरुन्निसा दलवाई यांचे ‘मी भरून पावले आहे’ हे आत्मकथन ठेवावे. त्यात या चळवळीचा भार घरातील एका स्त्रीने कसा वाहिला, हे तिच्याच शब्दांत वाचावयास मिळते. नागरिक म्हणजे कोण, याचे उत्तर मुलांना या तीन पुस्तकांतून आमच्या व्याख्यानाहून अधिक नेमके मिळेल, अशी आमची खात्री आहे.