घेताना उदार असावे का?

प्रयोगशाळेत दोन संगणक आहेत असे समजू. एकावर विंडोज ही प्रणाली आहे, दुसऱ्यावर लिनक्स. बारावीच्या एका विद्यार्थ्याने जावा भाषेत दोन लहान प्रोग्राम लिहिले आहेत. क्लायंट हा मागणारा. तो हजेरी क्रमांक पाठवतो. सर्व्हर हा पुरवणारा. तो त्या क्रमांकाच्या मुलाचे नाव परत धाडतो. क्लायंट विंडोजवर चालवला तर नाव येते. तोच प्रोग्राम, एक अक्षरही न बदलता, लिनक्सवर चालवला तर पडद्यावर काहीच उमटत नाही. चूक झाल्याचा संदेशसुद्धा नाही.

अशा वेळी बहुतेकांची पहिली धाव संगणक बंद करून पुन्हा चालू करण्याकडे असते, दुसरी तारा हलवून पाहण्याकडे आणि तिसरी प्रोग्राममध्ये एकदम चारपाच बदल करण्याकडे. यातली तिसरी सर्वांत वाईट. नंतर प्रोग्राम चाललाच, तरी तो कशामुळे चालला हे कळत नाही. त्याऐवजी चार जोड्या करून पाहाव्यात: दोन्ही प्रोग्राम विंडोजवर, दोन्ही लिनक्सवर, आणि दोन उलटसुलट. आपल्या उदाहरणात क्लायंट विंडोजवर असलेल्या दोन्ही जोड्या चालतात, लिनक्सवर असलेल्या दोन्ही अडतात. सर्व्हर कुठे आहे याने काहीच फरक पडत नाही. म्हणजे दोष क्लायंट जे पाठवतो त्यात आहे, किंवा त्याच्याकडून सर्व्हरने जी अपेक्षा धरली आहे त्यात. एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचा विज्ञानातला साधा नियम पाळला, आणि निम्मे काम झाले.

आता तारेवरून प्रत्यक्ष काय जाते ते पाहायचे. त्यासाठी वायरशार्क हा मोफत मिळणारा प्रोग्राम आहे. (१९९८ साली तो ईथेरियल या नावाने निघाला, २००६ पासून त्याचे नाव वायरशार्क.) हजेरी क्रमांक १२ पाठवला, तर विंडोजवरून ४९, ५०, १३, १० असे चार बाइट गेलेले दिसतात. लिनक्सवरून ४९, ५०, १० असे तीनच. ४९ आणि ५० हे 'एक' व 'दोन' या अंकांचे संकेत. मग १३ कुठे गेला?

जुना टाइपरायटर ज्यांनी वापरला आहे त्यांना हे लगेच उमजेल. ओळ संपली की दोन हालचाली होत: गाडी सुरुवातीला न्यायची आणि कागद एक ओळ वर सरकवायचा. तारयंत्रांसाठी या दोन हालचालींना दोन वेगळे संकेत होते, १३ आणि १०. डॉस आणि पुढे विंडोज यांनी दोन्ही ठेवले. युनिक्सने, आणि त्याच्या वळणावर बांधलेल्या लिनक्सने, १० पुरेसा मानला. जावामधली 'ओळ छापा' ही नेहमीची आज्ञा ज्या प्रणालीवर चालते तिची रीत पाळते. आपला सर्व्हर मात्र १३ व १० ही जोडी आल्याखेरीज ओळ संपली असे मानत नाही. संगणकांमधली टीसीपी ही व्यवस्था बाइट क्रमाने आणि न गळता पोचवते. निरोप कुठे संपला हे ती सांगत नाही. ते दोन्ही प्रोग्रामनी आपसांत ठरवायचे असते. तेव्हा सर्व्हर ओळ संपण्याची वाट पाहत बसतो, क्लायंट उत्तराची.

दुरुस्तीचे मार्ग दोन. क्लायंटने कोणत्याही प्रणालीवर १३ आणि १० स्पष्टपणे पाठवावेत, हा पहिला. सर्व्हरने नुसता १० आला तरी चालवून घ्यावे, हा दुसरा. दुसरा मार्ग सोपा आहे, मनमिळाऊ आहे, आणि त्याच्या पाठीशी संगणकजगातला एक फार मोठा सल्ला उभा आहे. या लेखात तपासायचा आहे तो हा सल्ला.

तो दिला जॉन पोस्टेल यांनी. इंटरनेटचे नियम ज्या टिपणांतून ठरत गेले त्या आरएफसी मालिकेचे हे दीर्घकाळ संपादक होते. जानेवारी १९८० मध्ये टीसीपीचा आराखडा मांडताना (आरएफसी ७६१) त्यांनी असे सुचवले की प्रोग्रामने स्वतः पाठवताना काटेकोर राहावे, पण दुसऱ्याकडून घेताना उदारपणा ठेवावा. सप्टेंबर १९८१ च्या आरएफसी ७९३ मध्येही हा सल्ला आहे. पुढे तो पोस्टेल यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला.

सल्ल्याची पार्श्वभूमी लक्षात घेतली तर त्याचे शहाणपण पटते. त्या जाळ्यावर १९८१ साली जेमतेम दोनशे संगणक होते, आणि त्यांत ३६ बिटांचे पीडीपी-१०, १६ बिटांचे पीडीपी-११, ३२ बिटांचे आयबीएम ३६० अशी नाना घराणी होती. नियम अजून लिहिले जात होते, वाचणारा प्रत्येकजण त्यांचा थोडा वेगळा अर्थ लावत होता. अशा वेळी प्रत्येकाने लहानसहान चुकीवर संबंध तोडला असता तर जाळे उभेच राहिले नसते. इंटरनेट वाढले त्यात या उदारपणाचा वाटा आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

पण उदार श्रोता बोलणाऱ्याची चूक त्याला कळू देत नाही. आपल्या सर्व्हरने नुसता १० स्वीकारला की क्लायंट लिहिणारा विद्यार्थी निश्चिंत होतो. त्याच्या लेखी त्याचा प्रोग्राम बरोबर आहे. उद्या तो दुसऱ्या, काटेकोर सर्व्हरशी जोडला की पुन्हा गप्प बसेल, आणि दोष नव्या सर्व्हरच्या माथी मारला जाईल. मग तो सर्व्हर लिहिणाराही नाइलाजाने उदार होतो. असे होत होत चूकच रीत बनते, आणि लेखी नियम एक व चालता नियम दुसरा अशी स्थिती येते. इंटरनेटच्या रचनेवर देखरेख करणाऱ्या मंडळाने जून २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आरएफसी ९४१३ मध्ये पोस्टेल यांच्या सल्ल्यावर नेमका हाच आक्षेप घेतला आहे.

आक्षेप नुसता तात्त्विक नाही, हे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिसले. ई-मेल पोचवण्याच्या नियमात पत्राचा शेवट १३-१०, टिंब, १३-१० अशा खुणेने होतो. काही सर्व्हर उदारपणे अर्धवट खुणेलाही शेवट मानत, काही मानत नसत. यातून एक फट उघडी पडली. पहिल्या सर्व्हरला जे एकच पत्र दिसे, ते पुढच्याला दोन दिसू शके; आणि त्यातले दुसरे, बनावट पत्र पहिल्या सर्व्हरच्या पतीवर खपून जाई. पोस्टफिक्स, सेंडमेल, एक्झिम या प्रसिद्ध प्रोग्रामना त्यासाठी दुरुस्त्या काढाव्या लागल्या. प्रश्न तोच होता: ओळ संपली असे कधी म्हणायचे?

आपल्या भाषेला तर हा उदारपणा आणखी महागात पडतो. वरच्याच उदाहरणात सर्व्हरने नाव पाठवण्याआधी त्याची लांबी कळवायची असे ठरवले. विद्यार्थ्याने अक्षरे मोजली. इंग्रजी नावांवर सगळे ठीक चालले, कारण तिथे एका अक्षराला एक बाइट. 'मराठी' हा शब्द पाठवून पाहा. म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी अशी पाच चिन्हे. पण यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण पंधरा. पलीकडचा प्रोग्राम पाचच बाइट उचलतो. त्याच्या हाती 'म' पूर्ण येतो आणि 'र' दोनतृतीयांश. पायथन भाषेतला नेहमीचा वाचक इथे थांबतो आणि चूक कोणत्या बाइटपाशी आहे ते सांगतो. जावामधला नेहमीचा वाचक मात्र उदार आहे. तो तुटक्या बाइटांच्या जागी एक प्रश्नचिन्हासारखी खूण ठेवून पुढे जातो. अशी यादी साठवली की मूळ अक्षर कायमचे गेले. थांबलेला प्रोग्राम दुरुस्त करता येतो. पुसले गेलेले नाव परत आणता येत नाही.

पोस्टेल ज्या संस्थेत काम करत, त्याच कॅलिफोर्नियातल्या संस्थेत डॅनी कोहेन होते. त्यांनी त्याच वर्षी १ एप्रिलला एक खुसखुशीत निबंध लिहिला. मोठ्या संख्येचे बाइट पाठवताना मोठ्या टोकाकडून सुरुवात करावी की लहान, या वादाला त्यांनी गलिव्हरच्या सफरीतल्या अंडे कोणत्या टोकाला फोडावे या भांडणाची उपमा दिली. त्यांचा निष्कर्ष असा की कोणतेही टोक चालेल, पण सर्वांनी एकच धरावे. इथे उदारपणाला जागाच नाही. वरची पंधरा ही लांबी चार बाइटांत लहान टोकाकडून पाठवली आणि पलीकडच्याने मोठ्या टोकाकडून वाचली, तर ती २५,१६,५८,२४० होते. मग बिचारा सर्व्हर पंचवीस कोटी बाइटांची वाट पाहतो.

कोहेन यांचे म्हणणे अर्धेच साधले. इंटरनेटच्या नियमांत मोठे टोक पहिले, तर आपल्या टेबलावरचे बहुतेक संगणक आतून लहान टोकवाले. तरीही व्यवहार चालतो, कारण घरात कोणतीही रीत असली तरी तारेवर रीत एकच. विंडोज आणि लिनक्स यांचे भांडण मिटवण्याचाही हाच मार्ग आहे. मात्र करार मोडणाऱ्याचे काय करावे, हे कोहेन सांगत नाहीत. ते पोस्टेल सांगतात, पण अपुरे. त्यांच्या सल्ल्याला एक जोड हवी: उदारपणे घेतलेच, तर तशी नोंद करा आणि पाठवणाऱ्याला कळवा.

शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. मुलाला काय म्हणायचे होते ते ओळखून पूर्ण गुण देणारा परीक्षक दयाळू वाटतो, पण चूक पुढच्या इयत्तेत जाते. चूक दाखवून ती सुधारायला वेळ देणारा अधिक दयाळू. संगणकाच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत मात्र आपण फक्त चाललेल्या प्रोग्रामचे उत्तर मागतो. न चाललेला प्रोग्राम वहीत येतच नाही. यापुढे एक पान त्याच्यासाठी राखून ठेवावे: काय अडले, कोणता अंदाज केला, कोणती एक गोष्ट बदलून पाहिली, बाइट काय दिसले. चार जोड्यांचा तक्ता आणि हरवलेला तेरा त्या पानावर आला, तर त्याला गुण द्यावेत.