फासे गेले, कर्म उरले

जन्म माणसाची पायरी ठरवितो, हे खेळातही घडते. अमेरिकेत १९७४ साली आलेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या कल्पनाखेळात पात्राचे बळ नि बुद्धी तीन फाशांच्या दानावर ठरे. जोनाथन ट्वीट यांच्या 'एव्हरवे'ने (१९९५) फासेच बाद केले. येथे खेळाडू पाच चित्रपत्ते निवडतो, त्यांवरून आपल्या नायकाची कहाणी स्वतः रचतो; अग्नी, पृथ्वी, वायू, जल यांत २० गुण मर्जीने वाटतो. आपली ओळख आपण सांगण्याचा हा हक्क मोलाचा आहे.

मात्र निकालाच्या तीन नियमांपैकी एकाचे नाव आहे 'कर्म'! हा शब्द आपल्याला बोचतो. पूर्वजन्मीचे पाप सांगूनच आपल्याला गावकुसाबाहेर ठेवले गेले. इथले कर्म तसे नाही. ते पात्राची आजची कुवत नि कृती पाहते. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात (१९५७) कर्माची पूर्वजन्मापासून फारकत केली होती.

दुसरा नियम कथेची गरज पाहतो. खरी मेख तिसऱ्यात, दैवात आहे. ३६ पत्त्यांतला एक उलटायचा आणि त्यावरील चित्राचा अर्थ सूत्रधाराने लावायचा. फासा आंधळा असतो. तो कुणाचे तोंड पाहत नाही. अर्थ लावणारा पाहू शकतो. पोथीचा अर्थ एकाच्याच हाती राहिला की काय होते, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे. तेव्हा फासे टाकून देणे ही अर्धीच क्रांती. चित्राचा अर्थ विचारण्याचा, नाकारण्याचा अधिकार खेळणाऱ्या प्रत्येकाला मिळेल, तेव्हाच ती पुरी होईल.