शाप आणि शिक्षा : बायबलमधील एक भेद

धर्मचिकित्सेच्या आमच्या लेखनात बायबलचा विषय निघाला की ‘ईश्वराने शिक्षा केली’ आणि ‘शाप दिला’ ही विधाने बहुधा एकाच अर्थाने योजिली जातात. ह्या शैथिल्यामुळे चिकित्सेची धार बोथट होते, असे आमचे मत आहे.

शिक्षेला अपराध लागतो, अपराधी लागतो आणि न्याय करणारा लागतो. शाप हा उच्चारलेला शब्द होय. तो कोणीही उच्चारू शकतो आणि निरपराध्यावरही तो पडू शकतो. बायबलमध्ये ही दोन्ही कधी एकत्र येतात, हे खरे. ‘उत्पत्ती’च्या 3 ऱ्या अध्यायात ईश्वर सर्पाला व भूमीला शापित ठरवितो, स्त्रीला प्रसववेदना व पुरुषाला कष्ट देतो, परंतु त्या दोघांना शापित म्हणत नाही. ‘अनुवाद’ ग्रंथाच्या 28 व्या अध्यायातील शापांची दीर्घ मालिका आधी जाहीर केलेल्या आज्ञांच्या उल्लंघनाशी बांधलेली आहे. तेथे शाप हे शिक्षेचेच रूप होय.

नोहाची कथा निराळी आहे. मद्याच्या धुंदीत विवस्त्र पडलेल्या नोहाला त्याचा पुत्र हाम पाहतो. शुद्धीवर आल्यावर नोहा शाप देतो तो हामच्या पुत्राला, कनानला. आणि दास्य त्याच्या माथी मारले जाते. ह्या प्रसंगात ईश्वर एक शब्दही बोलत नाही. वर्णाचा उल्लेखही तेथे नाही. तरीही अमेरिकेत 1865 साली गुलामगिरी रद्द होईपर्यंत तिच्या समर्थकांनी आफ्रिकी लोकांना हामचे वंशज ठरवून एका मनुष्याच्या संतापावर ईश्वरी न्यायाची मुद्रा उमटविली. शापाला शिक्षा म्हटले की पीडितच अपराधी ठरतो.

न्याय्य चिकित्सेने हेही नोंदविले पाहिजे की, बायबलमध्येच ह्याविषयी वाद आहे. ‘निर्गम’च्या 20 व्या अध्यायात पित्याच्या अपराधाचे फळ तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोहोचते, ‘यहेज्केल’चा 18 वा अध्याय मात्र पुत्राला पित्याच्या पापातून स्पष्टपणे मुक्त करतो.

हा प्रश्न आम्हांस परका नाही. अस्पृश्यतेचे दुःख पूर्वजन्मीच्या पापाची शिक्षा म्हणून आमच्या पूर्वजांना सांगितले गेले. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ह्या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी ह्या युक्तिवादाचे मर्म उघड केले : दीनदुबळ्यांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याला व समाजाला त्यामुळे टाळता येते.

मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्तात ब्राह्मणवर्णाच्या श्रेष्ठत्वाचा अभिमान बाळगणारे सात ऋषी असित देवलाला भस्म होण्याचा शाप देतात. ते शापीत जातात, तसतसे देवलाचे रूप अधिकच उजळते. तो उलट शाप देत नाही. तुमच्या माता व त्यांच्या माता सात पिढ्यांपर्यंत केवळ ब्राह्मणांशीच संबंध ठेवीत होत्या, हे तुम्हांस ठाऊक आहे काय, असे तो विचारतो. आणि ऋषी निरुत्तर होतात.

धम्मात नैतिक व्यवस्था राखण्यासाठी ईश्वररूपी न्यायाधीशाची आवश्यकता नाही; म्हणून ईश्वरी शिक्षाही आम्हांस मान्य नाही. परंतु कोणताही धर्मग्रंथ तपासताना, हा शब्द कोणी उच्चारला आणि कोणाच्या अपराधासाठी कोणाला भोगावे लागले, हे दोन प्रश्न चिकित्सकाने आधी विचारावेत.