गैरहजेरीचा आकार : ‘विश यू वेअर हिअर’

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘विश यू वेअर हिअर’ (सप्टेंबर १९७५) या अल्बमवर लिहिणारे बहुतेक जण एका प्रसंगापाशी थांबतात. जून १९७५. लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत ध्वनिमुद्रण चालू असताना डोके आणि भुवया भादरलेला एक स्थूल माणूस आत येतो. तो सिड बॅरेट. बँडच्या संस्थापकांपैकी एक, ढासळत्या मनःस्वास्थ्यामुळे १९६८मध्ये दुरावलेला. जुने सोबती त्याला आधी ओळखतच नाहीत. प्रसंग चटका लावणारा आहे, पण त्याच्या छायेत अल्बमचे ऐकणेच मागे पडले, असे मला वाटते.

कालक्रम पाहू. बॅरेटला उद्देशून असलेली ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ ही रचना १९७४च्या मैफलींतच वाजवली जात होती; म्हणजे ती भेट रचनेचे कारण नव्हे. शिवाय ही रचना आणि मैफलीत वाजवून झालेली आणखी दोन गाणी, असा अल्बम गिटारवादक डेव्हिड गिलमोरला हवा होता. रॉजर वॉटर्सचा आग्रह निराळा होता आणि तोच टिकला. दोन्ही गाणी वगळली गेली (पुढे १९७७च्या ‘अ‍ॅनिमल्स’मध्ये ती नव्या रूपात आली), दीर्घ रचना दुभंगून दोन टोकांना ठेवली गेली आणि मध्ये तीन नवी गाणी आली. सुमारे ४४ मिनिटांपैकी २६ मिनिटे या दोन टोकांची आहेत. तरीही अल्बमचा गाभा मला मधल्या तीन गाण्यांत सापडतो.

या तिन्हींचा दर्जा सारखा नाही. ‘हॅव अ सिगार’मधला रेकॉर्ड कंपनीचा माणूस बँडची तोंडभर स्तुती करतो, पण बँडमध्ये कोण कोण आहे हेही त्याला ठाऊक नसते. हा उपहास सोपा आहे. ‘द डार्क साइड ऑफ द मून’च्या (१९७३) अफाट यशानंतर तो थोडा आयता वाटतो. लक्षणीय गोष्ट वेगळीच : हे गाणे बँडमधल्या कोणी गायलेले नाही. आवाज रॉय हार्पर या पाहुण्या गायकाचा आहे.

गाणे संपताना ध्वनी एकदम आक्रसतो, जणू एखाद्या लहानशा रेडिओत शिरतो. खरखर, स्टेशन बदलणे, चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिम्फनीचा निसटता तुकडा; मग रेडिओतूनच येणारी एक दूरची गिटार. थोड्या वेळाने खोलीत बसलेले कोणीतरी तिला जवळून साथ देऊ लागते. इथून शीर्षकगीत सुरू होते. मी संगीत शिकलेलो नाही, पण तीसेक वर्षे ऐकूनही ही जागा मला जुनी वाटत नाही. कारण या दोन्ही गिटारी गिलमोरच्याच आहेत. दूर गेलेला आणि इथे बसलेला, दोघे एकच.

ज्ञानेश्वरांच्या विरहिण्यांत प्रिय दूर असतो, पण वाट पाहणारी आपल्या जागी पुरेपूर हजर असते. तिचे असणेच विरहाला धार देते. इथे वाट पाहणाराही धड हजर नाही. यश मिळाले, पैसा आला आणि चौघे एका खोलीत असूनही एकमेकांना पारखे झाले. बॅरेट हे त्या हरवण्याचे सर्वांत ठळक रूप, एकमेव नव्हे.

‘हिप्नॉसिस’ने केलेले मुखपृष्ठही हेच सांगते. दोन माणसे हस्तांदोलन करत आहेत आणि त्यांतला एक पेटलेला आहे. ते चित्रही गडद प्लास्टिकच्या वेष्टनात झाकून विकले गेले.

संपूर्ण अल्बममध्ये बॅरेटचे नाव एकदाही उच्चारलेले नाही. शेवटी मात्र, सूर विरत असताना, रिचर्ड राइट की-बोर्डवर ‘सी एमिली प्ले’ या बॅरेटच्या १९६७च्या गाण्याची ओळखीची सुरावट हलकेच छेडतो. काही सेकंदच. बॅरेटला दिलेला खरा निरोप मला तिथे ऐकू येतो.